निकालाआधी सुई नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले पाद्रीबाबा गारलंड; व्यासपीठावर माझ्या उजव्या हाताला बसलेले काउंटीचे प्रमुख साहेब; उद्यापासून माझ्या ऑफिसची किल्ली जिच्या गळ्यात पडणार आहे ती ट्वायला; आपल्या दोन्ही लाल गाड्या बाहेर काढून हा हॉल आम्हाला मोकळा करून देणारे अग्निशामक दलाचे जवान; पहिल्या रांगेत ऑक्सिजनची नळकांडी पायाशी घेऊन बसलेले माझे खाणीतले सोबती; आणि या दरीतल्या माझ्या सगळ्या भावांनो, बहिणींनो, लेकरांनो,

तुम्ही इतक्या संख्येने आलात, सोमवारची संध्याकाळ माझ्यासाठी घालवलीत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं. नववीत जायचं त्या वर्षी मी खाणीत गेलो आणि जे काही पुढे शिकलो ते अंधारात, वाकून. पाठ मोडल्यावर वर आलो, आणि काउंटीच्या कचेरीने फेकून दिलेली कायद्याची पुस्तकं बायकोच्या स्वयंपाकघरात बसून वाचली. ज्या शब्दाचा अर्थ कळला नाही तो शब्द भिंतीवर खडूने लिहून ठेवायचो. बायको म्हणायची, "एस्टिल, जेवणाच्या टेबलापाशी बसलं की मला कोर्टात बसल्यासारखं वाटतं. एखादा गोड शब्द पण लिही की." तर अशा माणसाने मोठ्या सभेत बोलायचं म्हणजे जीभ कुठे अडखळेल सांगता येत नाही. सांभाळून घ्या.

पाद्रीबाबांनी माझी ओळख करून देताना माझं फार कौतुक केलं. ते म्हणाले, सव्वीस वर्षांत या माणसाने वकिलीची सनद नसताना, एक पैसा फी न घेता, खाण कंपन्यांशी लढून दोनशेच्या वर माणसांना काळ्या फुप्फुसाचा, म्हणजे कोळशाच्या धुळीच्या रोगाचा, भत्ता मिळवून दिला. खरं आहे ते. मी नाही म्हणणार नाही. नाही म्हणणं म्हणजे खोटा विनय. मग त्यांनी तो किस्सा सांगितला. प्रत्येक कार्यक्रमात सांगतात तोच. कंपनीचा डॉक्टर साक्षीला उभा होता आणि मी त्याला विचारलं, "डॉक्टरसाहेब, तीन वर्षांपूर्वी आमच्या माणसाच्या छातीतला डाग पाहून तुम्ही म्हणालात, हा क्षय. गेल्या वर्षी दुसऱ्याचा डाग पाहून म्हणालात, ही कोंबड्यांच्या विष्ठेतली बुरशी. आज म्हणता, हा कॅन्सर. पुढच्या वर्षी काय सांगणार, बाळंतपण?"

हसलात. आत्ता पुन्हा हसलात. न्यायाधीशसुद्धा हसले होते त्या दिवशी. ज्याच्या छातीबद्दल बोलणं चाललं होतं तो व्हर्डन नेपियर तर इतका हसला, की खोकल्याची उबळ येऊन त्याला बाहेर न्यावं लागलं.

आणि आता समितीने मला हे मानचिन्ह दिलं. अक्रोडाचं लाकूड आहे, आपल्याच डोंगरातलं, आणि कोरीव काम सुरेख आहे. ज्याने केलं त्याच्या हाताला सलाम. त्यावर माझंच वाक्य कोरलंय. माझ्या ऑफिसच्या दारावर सव्वीस वर्षं लावलेलं आहे ते. मागच्यांना दिसत नसेल, मी वाचतो. "निकालाआधी सुई नाही."

बसा, बसा. टाळ्या थांबवा जरा. माझं ऐका.

लहान मुलांना माहीत नसेल, म्हणून या वाक्याचा अर्थ सांगतो. खाणकामगाराच्या छातीच्या एक्स-रे फिल्मवर डाग दिसला, की कंपनीचा डॉक्टर म्हणणार, हा धुळीचा नाही, दुसराच काही रोग आहे. सुई घालून तुकडा काढा आणि तपासा. का म्हणणार? कारण धूळ असेल तर कंपनीला भत्ता द्यावा लागतो, दुसरा रोग असेल तर नाही. मग मी माझ्या माणसाला सांगायचो, "गड्या, सुनावणीचा निकाल लागेपर्यंत कुणाला सुई लावू देऊ नकोस. त्या सुईतून काय निघेल ते कंपनीच्या वकिलाच्या टेबलावर जाईल." हा नियम मी काढला, मी शिकवला. या दरीत मुलं पाढे शिकतात तसा हा नियम शिकली. आणि आपली माणसं शहाणी, की नियम पाळला. आपल्याला दुसरीकडे सुई लावायला जायचं तरी कुठे होतं? लेक्सिंग्टनला अडीच तास, तेही गाडीत पेट्रोल असेल आणि घाटात बर्फ नसेल तर.

आता मी तुम्हाला व्हर्डनची गोष्ट सांगतो. तुम्ही म्हणाल, ती आम्हाला पाठ आहे. पहिली अर्धी पाठ आहे.

एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याआधी खाणीत व्हर्डन आणि मी एकाच पाळीत छताला आधाराचे बोल्ट ठोकायचो. माझी पाठ मोडली तेव्हा दगडाखालून मला ओढून काढणारा तोच. त्याची फिल्म घेऊन तो माझ्याकडे आला. त्या वेळी फिल्म पाहायला माझ्याकडे दिव्याची पेटी नव्हती. मी फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेला चिकटवायचो, आणि ते दुपारी दोनच्या आत उरकावं लागायचं, कारण दोननंतर सूर्य डोंगरामागे जातो. व्हर्डनच्या फुप्फुसांत धूळ होती, साखर सांडल्यासारखी, दोन्हीकडे. आणि उजव्या बाजूला वर एक डाग होता. दहा सेंटच्या छोट्या नाण्याएवढा, त्याच्या कडा उसवलेल्या. मी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "हा बघ तुझा भत्ता."

असं म्हणालो मी. बोट ठेवून.

सुनावणीला कंपनीकडून वकील होते प्रेविटसाहेब. लेक्सिंग्टनचे. करड्या रंगाचा सूट, बूट असे की त्यात आपलं तोंड दिसावं. डॉक्टरने साक्ष दिली, मी तो बाळंतपणाचा सवाल टाकला, सगळे हसले, न्यायाधीशांनी पंधरा मिनिटांची सुट्टी दिली. मी व्हरांड्यात कोल्ड्रिंकच्या मशीनपाशी नाणी शोधत उभा, तेवढ्यात प्रेविटसाहेब माझ्या शेजारी आले. इकडेतिकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "मिस्टर व्हिटेकर, हे कामकाजाबाहेरचं आहे. मी बोललोच नाही असं समजा. तुमच्या माणसाला तपासायला न्या. खटला गेला खड्ड्यात. या आठवड्यात न्या."

मी काय उत्तर दिलं असेल? सांगा बरं. तुम्ही काय दिलं असतं?

मी म्हणालो, "साहेब, आमच्याकडे मासे धरायला गळ लागतो. तुम्ही नुसत्या तोंडाने धरता."

त्यांचा चेहरा कसातरी झाला. मग म्हणाले, "ठीक आहे," आणि आत गेले. मी ते व्हर्डनला सांगितलं, वर नक्कल करून. परत येताना गाडीत मी, व्हर्डन आणि त्याची बायको, आपल्या लोवेनावहिनी. वहिनी मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एस्टिल, तो डॉक्टर खरं बोलत असला तर?"

मी म्हणालो, "वहिनी, कंपनीचा डॉक्टर खरं बोलला की त्याचा पगार बंद होतो."

व्हर्डन पुन्हा हसला, पुन्हा खोकला. रुमाल तोंडाला लावला आणि घडी घालून खिशात ठेवला. मी गाडी चालवता चालवता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होतो. घडी त्याने फार नीट घातली. रुमालाची इतकी नीट घडी कुठला खाणकामगार घालतो हो? मी पाहिलं, आणि मी रस्त्याकडे पाहायला लागलो.

निकाल यायला चौदा महिने लागले. आपण जिंकलो. माझ्या मागे भिंतीवर जो मोठा फोटो लावलाय तो त्याच दिवसाचा: व्हर्डन पलंगावर बसलाय, हातात निकालाचा कागद, आणि हसतोय. दर वर्षी हा फोटो आपल्या कॅलेंडरवर छापतात. जवळ जाऊन बघा कधी. कागद त्याने हातात धरलेला नाहीये. कागद मांडीवर ठेवलाय आणि त्यावर हात ठेवलाय. धरायची ताकद नव्हती. माझ्या खांद्याला खांदा लावून छताला आधार देणारा माणूस, त्या दिवशी मी त्याला उचलून उशीला टेकवलं, तर माझी मोडकी पाठ दुखली नाही. इतका हलका झाला होता. म्हणाला, "एस्टिल, जिंकलो ना?" मी म्हणालो, "जिंकलो." एकोणीस दिवसांनी गेला.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरच्या माणसाला सांगितली तर तो कानावर हात ठेवील. आपल्याकडे माणूस गेला की घरचे रडायच्या आधी एक फोन करतात: फुप्फुसं काढून घ्या, पुरावा आहे. नाहीतर विधवेच्या भत्त्यासाठी कंपनी पुन्हा पहिल्यापासून भांडते. व्हर्डनच्या वेळी तो फोन मी केला. लोवेनावहिनी दारात उभ्या होत्या, स्वयंपाकाचा ॲप्रन तोंडात धरून. मी त्यांच्याकडे पाठ करून पत्ता सांगत होतो.

सहा आठवड्यांनी अहवाल आला. माझ्या पत्त्यावर, कारण प्रतिनिधी मी. दोन पानं होती. पहिल्या पानावर लिहिलं होतं, दोन्ही फुप्फुसांत कोळशाची धूळ, फार मोठ्या प्रमाणात. ते पान मी वहिनींना नेऊन दिलं. म्हणालो, "बघा, आपलंच खरं होतं. तुमचा भत्ता पक्का." त्यांनी ते पान बायबलमध्ये ठेवलं.

दुसरं पान मी दिलं नाही.

थांबा, कुणी बोलू नका. पाद्रीबाबा, मला माहीत आहे वेळ झालीय, पण मला मध्येच बसवू नका. मी एकदा बसलो तर पुन्हा उठून हे बोलणार नाही. इतकी वर्षं बसलोच आहे की.

दुसरं पान माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होतं. आज कोटाच्या खिशात आहे. हे बघा. पिवळं पडलंय. मी एकच ओळ वाचतो, अवघड शब्द गाळून: "उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात कर्करोगाची गाठ, तिथून यकृतात आणि मणक्यात पसरलेला, मृत्यूचं कारण हेच."

धूळ होती. कॅन्सरही होता. दोन्ही. आम्ही खरं बोलत होतो आणि कंपनीचा तो खोटारडा डॉक्टरही, आयुष्यात एकदाच, खरं बोलत होता. पण खटल्यात दोन बाजू असतात ना! प्रत्येकाला एकच नाव हवं होतं. चौदा महिने आम्ही त्या डागाला काय म्हणायचं यावर भांडत बसलो, आणि डाग काही निकालाची वाट पाहत बसला नाही.

तुम्ही विचाराल, हे पान वाचल्यावर तरी एस्टिलने नियम का बदलला नाही? विचारायलाच हवं. उत्तर देतो. नियम बदलला असता तर का बदलला ते सांगावं लागलं असतं. मग लोवेनावहिनींना सांगावं लागलं असतं. मग हा फोटो उतरवावा लागला असता. म्हणून मी नियम तसाच ठेवला. दारावर पुन्हा रंग देऊन ठेवला. त्यानंतर माझ्या सांगण्यावरून कोण कोण थांबलं आणि त्यातलं कोण आज या हॉलमध्ये नाही, ती नावं मी घेणार नाही. त्यांची माणसं इथे जेवायला आली आहेत. त्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या आहेत.

मी हे आज का सांगतोय? म्हातारा झालो, मन हलकं करायचंय म्हणून? छे. मन हलकं करायचं असतं तर पाद्रीबाबांकडे एकटा गेलो असतो, आणि त्यांनी कॉफी पाजून परत पाठवलं असतं. कारण दुसरं आहे. तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ, टोपी गुडघ्यावर ठेवून ट्रॉय बसलाय. व्हर्डनचा मुलगा. चव्वेचाळीस वर्षांचा. बाप गेला तेव्हा तोही खाणीत होता. आता बाहेर आहे, कारण दोन जिने चढले की तिसऱ्यावर बसावं लागतं. ट्रॉय, मान वर कर. मी तुला नावं ठेवत नाहीये.

मार्चमध्ये ट्रॉय त्याची फिल्म घेऊन माझ्याकडे आला. आता माझ्याकडे दिव्याची पेटी आहे, पण मी ती फिल्म खिडकीलाच लावली. सवय. साखर सांडलेली. आणि उजवीकडे वर दहा सेंटचं नाणं. त्याच जागी. ट्रॉय म्हणाला, "काका, सुनावणी नोव्हेंबरात आहे. तोपर्यंत थांबू ना?"

आणि मी म्हणालो, "थांब."

खालच्या खणात ते पान होतं. माझा गुडघा त्या खणाला लागत होता. आणि मी म्हणालो, थांब. तोंडाला सव्वीस वर्षांची सवय होती, तोंडाने सांगून टाकलं. मागच्या महिन्यात फिरत्या दवाखान्याच्या गाडीत त्याची दुसरी फिल्म काढली. ते नाणं आता वाढून पाव डॉलरच्या मोठ्या नाण्याएवढं झालंय.

ट्वायला, तुझी चूक नाही. मी तिला म्हणालो, पोराला आता तपासायला पाठवू या. ती म्हणाली, "काका, नियम तुमचाच आहे. दारावर लिहिलाय. आणि आता मानचिन्हावर कोरायला पण दिलाय." पोरीला मीच शिकवलं.

मग मी स्वतः लेक्सिंग्टनच्या मोठ्या इस्पितळात फोन केला. तिथल्या बाई गोड बोलत होत्या. "कुठल्या डॉक्टरांनी पाठवलंय?" मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे डॉक्टर गुरुवारी असतो." "मग गुरुवारी त्यांना फोन करायला सांगा." गुरुवारी डॉक्टर आला, त्याने फोन केला, फोन धरून एक तास गाणं ऐकलं, आणि तारीख मिळाली. त्या दिवसापासून अकरा आठवड्यांनी. मी पुन्हा फोन केला. म्हटलं, "बाई, हे नाणं वाढतंय." बाई म्हणाल्या, "सर, सगळेच वाट पाहत आहेत." सगळेच! मी विचार केला, असतील.

त्याच सुमाराला एक पत्र आलं. ट्वायलाने गंमत म्हणून जुन्या फायलीतून पत्ता काढून आपल्या जुन्या शत्रूलाही आजचं निमंत्रण धाडलं होतं. प्रेविटसाहेबांना. त्यांचं उत्तर मी वाचून दाखवतो. अक्षर सुंदर आहे, हात जराही थरथरलेला नाही.

"प्रिय श्री. व्हिटेकर, निमंत्रणाबद्दल मनापासून आभार. वयाच्या शहात्तराव्या वर्षीही मी रोज गोल्फ खेळतो, तेव्हा प्रकृतीची सबब सांगता येणार नाही; त्या आठवड्यात नातीचं लग्न आहे. तुम्हाला आठवतं का, नेपियर प्रकरणात व्हरांड्यात मी तुमच्याशी बोललो होतो? त्याच्या सहा आठवडे आधी माझ्या वार्षिक तपासणीत माझ्या उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला दहा सेंटच्या नाण्याएवढा डाग सापडला होता. मला कसलाच त्रास नव्हता. नवव्या दिवशी तो काढून टाकण्यात आला. तुमच्या माणसाची फिल्म दिव्यावर लावली तेव्हा क्षणभर मला ती माझीच वाटली. अनेकदा मनात येतं, श्री. नेपियर यांचं पुढे काय झालं? ते सुखरूप असावेत अशी आशा करतो."

झालं पत्र.

तेव्हा सांगा. एकच काउंटीचं कोर्ट, एकच दुपार, एकाच खोलीत दोन माणसं, दोघांच्या छातीत एकाच जागी एकाच मापाचं नाणं, एकाचं नुकतंच काढलेलं. एकाला नऊ दिवस. दुसऱ्याला चौदा महिने आणि माझ्यासारखा हुशार मित्र. प्रेविटसाहेबांच्या गावात डॉक्टर 'कॅन्सर' म्हणाला की माणूस घाबरतो. आपल्या गावात डॉक्टर 'कॅन्सर' म्हणाला की माणूस विचारतो, हा कुणाचा डॉक्टर? तसं विचारायला आपल्याला कुणी शिकवलं? कंपनीने शिकवलं, खोटं बोलून बोलून. आणि उरलेलं मी शिकवलं.

काय म्हणालात, वहिनी? नाही, तुम्ही बोला. उभ्या राहा, मी थांबतो.

... मागच्यांना ऐकू गेलं नसेल. लोवेनावहिनी म्हणाल्या, "एस्टिल, तुझं दुसरं पान घाल चुलीत. ट्रॉयचं काय ते सांग."

वहिनी, मी काल संध्याकाळी तुमच्याकडे हेच सांगायला आलो होतो. तुम्ही सुक्या सफरचंदाच्या केकचे थर लावत होता. आठ थर. मला म्हणालात, "तुझ्यासाठीच आहे, हात लावू नकोस." मी टोपी घातली आणि घरी गेलो. आता चारशे लोकांसमोर सांगतोय, कारण एकटीसमोर सांगायची माझी हिंमत नव्हती. यालाही काही म्हणायचं असेल तर म्हणा. नाही? बरं. उभ्या राहू नका पण अशा. बसा ना, पाय दुखतील.

ट्रॉयचं सांगतो.

पत्र वाचून मी तीन दिवस काही केलं नाही. चौथ्या दिवशी पत्रावरच्या नंबरावर फोन केला. प्रेविटसाहेब ओळखीच्या सुरात म्हणाले, "व्हिटेकर! नेपियर कसे आहेत?" मी सांगितलं, कसे आहेत ते. मग मी म्हणालो, "साहेब, त्यांचा मुलगा आहे. त्याच जागी." त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "तासाभरात सांगतो." त्या इस्पितळाच्या एका भिंतीवर त्यांचं नाव आहे म्हणे, देणगीदारांत. चाळीस मिनिटांत फोन आला. अकरा आठवड्यांची तारीख चाळीस मिनिटांत उद्यावर आली. उद्या मंगळवार, सकाळी सव्वानऊ. सुई.

म्हणजे तारखा होत्या. इतके दिवस होत्याच. फक्त आपला फोन तिथपर्यंत पोचत नव्हता. आणि तुम्हा बाकीच्यांसाठी माझ्याकडे दुसरे प्रेविटसाहेब नाहीत, हेही सांगून टाकतो. उगाच आशेवर राहू नका. रोज फोन करा, भांडा, अकरा आठवड्यांची तारीख मिळाली तर ती तरी घ्या, पण घ्या.

ट्रॉय हात वर करतोय. बोल बाळा.

... तो विचारतोय, "काका, आणि केस? सुईत दुसरंच निघालं आणि कंपनीने तेच धरलं तर?" त्याच्या तीन मुली आहेत, त्याने हे विचारायलाच हवं. ट्रॉय, धूळ तुझ्या छातीत आहे, ती कुठे जात नाही. दोन्ही रोग एका छातीत राहू शकतात, हे तुझ्या बापाने सिद्ध करून ठेवलंय. हे पान मी ट्वायलाच्या हाती देतोय. तिने ते न्यायाधीशांसमोर मांडायचं. आणि इतकं करून केस हरलास, तर हर. तुझा बाप जिंकला होता. तो बघ, माझ्या मागे हसतोय.

आणखी काय? ... हं. तो विचारतोय, "आणि उशीर झाला असेल तर?"

झाला असेल, ट्रॉय. मार्चमध्ये झाला नव्हता कदाचित. मार्चमध्ये मी 'थांब' म्हणालो.

पाद्रीबाबा, माझं संपत आलं. हे मानचिन्ह मी घरी नेणार नाही. परत केलं तर करणाऱ्याचा अपमान होईल, म्हणून परतही करत नाही. ट्वायला, ते ऑफिसच्या दारावर लाव, अक्षरं दाराकडे करून. मागची बाजू कोरी आहे, तिथे नवा नियम लिही. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. माझी वाक्यं पुरे झाली.

या समारंभासाठी ज्यांनी खुर्च्या लावल्या, माईक जोडला, बीन्सचं पातेलं दुपारपासून ढवळलं, मक्याचा कॉर्नब्रेड भाजला, त्या सगळ्यांचे आभार. अध्यक्षांचे आणि प्रमुख साहेबांचे आभार, त्यांनी मध्ये थांबवलं नाही. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागेलसा शब्द गेला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर ते तेवढं माफ करा. तेवढंच. बाकीचं माफ करू नका. पाद्रीबाबांनी सांगितलं तरी करू नका.

माझी गाडी उद्या पहाटे साडेपाचला नेपियरांच्या दारात उभी राहील. ट्रॉय, इस्पितळातल्या बाईंनी बजावलंय, आज रात्री बारानंतर पोटात पाण्याचा थेंबसुद्धा नको. म्हणजे तुला आत्ताच जेवायला हवं. लोवेनावहिनी, तो केक कापा. पहिला तुकडा ट्रॉयला वाढा, आणि मी त्याला खाताना बघत उभा राहिलो तर मला हाकलू नका.